पदर नसलेली पाहुणी

'अजून गाते का ती?' हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आले आहे आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. गाणारा पुरुष असला आणि सत्तरीत गात असला, की लोक म्हणतात, काय तपश्चर्या आहे. बाई असली, त्यात चंदेरी पँट घालून गात असली, की म्हणतात, अजून? ती म्हणजे माझी आवडती पॉप गायिका. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही तेच विचाराल.

माझे वडील मुंबईला गोदीत हमाली करायचे. जत्रेच्या सुट्टीला माणमधल्या आमच्या गावी येताना एकदा त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. त्याच्याबरोबर दुकानदारानं एक कॅसेट दिली होती. कव्हरवर ती उभी होती. चंदेरी कपडे, एक खांदा उघडा, पापण्यांवर निळा रंग, आणि केस इतके फुलवलेले की चौकटीत मावत नव्हते. आईनं कव्हरचा कागद काढून थेट चुलीत घातला. कॅसेट राहिली, कारण चालू वस्तू जाळणं तिच्या जिवावर आलं.

टँकरच्या रांगेत हंडा ठेवून मी त्या कॅसेटमधली गाणी गुणगुणायचे. शब्द साधेच, प्रेमाबिमाचे. पण ती ते अशा थाटात म्हणायची की कुणाची परवानगी घ्यायची असते हे तिच्या गावीच नसावं. तशी बोलणारी बाई मी तोवर ऐकली नव्हती. आमच्या घरात बायका वाक्य अर्धं बोलायच्या आणि उरलेलं भाकरीबरोबर थापायच्या.

तेव्हापासून ती संपली, असं मी किती वेळा ऐकलं. कॅसेट गेल्या तेव्हा ती संपली होती. सीडी आल्या आणि गेल्या, तेव्हाही. मग ती टीव्हीवर गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसली, डोक्यात मोरपिसं खोचून. मध्ये मोठं आजारपण आलं, केस गेले, तर बाईनं टकलावर चंदेरी टिकल्या चिकटवल्या आणि तशीच कार्यक्रमाला उभी राहिली. वयानं आवाज खाली आला, तर सगळी गाणी खालच्या पट्टीत नव्यानं बसवली आणि सुराला धक्का लागू दिला नाही. आता नातवंडांच्या वयाची पोरं मोबाइलवर तिच्या जुन्या गाण्यांवर नाचतात आणि तीही त्यांच्यात नाचते. यामागचे कष्ट कुणाला दिसत नाहीत. लोकांना पँट दिसते.

यंदा आमच्या मंडळाला तिचा शोध लागला. सांगलीत स्थायिक झालेल्या माण तालुक्यातल्या लोकांचं हे मंडळ. वर्षातून एकदा विश्रामबागेत हॉल घेऊन मेळावा करतं. तिच्या वडिलांचं गाव आमच्या तालुक्यातलं, असं कुणाच्या तरी कानावर आलं, आणि इतकी वर्षं नाकं मुरडणाऱ्यांची ती एका दिवसात लेक झाली. तिला जीवनगौरव द्यायचं ठरलं. फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिची गाणी पाठ असलेली मंडळात मी एकटीच.

"सत्कार करा, नाही म्हणत नाही," ती फोनवर म्हणाली. "पण जीवनगौरव मला पुष्कळ मिळालेत. गौरव करतात आणि खुर्चीत बसवून ठेवतात, गाऊ कुणी देत नाही. तासभर गायला देणार असाल तर येते."

मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच नाचले. कुकरची शिट्टी होईपर्यंत नाचले.

मग सुरू झाली ओटीची भानगड. मंडळाच्या महिला विभागाचा कारभार एका वयस्कर बाईंकडे आहे, त्यांना सगळे आक्का म्हणतात. त्या बैठकीत म्हणाल्या, "लेक म्हायेरी येनार. तिला रिकाम्या पदरानं धाडायची व्हय?"

"आक्का, त्यांना पदरच नसतो," मी म्हटलं. "त्या पँट घालतात."

बैठक तिथंच अडली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी हे सगळं पदरात घ्यायचं असतं आणि त्यातलं सांडू द्यायचं नसतं. पँटीत ते घेणार कशात? कुणी म्हणालं ताटात द्या, कुणी म्हणालं पिशवीत. "पिशवीत घालायला बाजार हाय का त्यो?" आक्का म्हणाल्या. शेवटी ठरलं की मंडळातर्फे साडी द्यायची, ती स्टेजवरच नेसवायची आणि मग ओटी भरायची. एकीला शंका आली, "आवं, पन त्येंचं मालक हायत न्हवं?" दुसरीनं सांगितलं, "दुसरं का असनात, हायत की." यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती काय गाणार, हे कुणीही विचारलं नाही.

ओटीच्या कामात मी नसते. नवरा गेल्यापासून मला हळदीकुंकवाच्या तबकाजवळ कुणी बोलावत नाही. तोंडानं कुणी काही म्हटलेलं नाही. बँकांत, कॉलेजांत नोकऱ्या केलेली माणसं आहेत. "तुमचं बोलनं लय स्पष्ट हाय, तुमी माईक धरा," असं म्हणून मला स्टेजच्या कोपऱ्यात उभं केलं, ते आजतागायत. मंडळाचं सूत्रसंचालन माझं. पहिल्या वर्षी मला ते कौतुक वाटलं होतं. आता कळलंय, पण करते. घरी बसून तरी काय करू?

मेळावा संध्याकाळी पाचचा होता. आठला हॉल रिकामा करून द्यायचा होता, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे डेकोरेशनवाले यायचे होते. ती वेळेआधी आली. चंदेरी सूट, उंच टाचांचे बूट, निळ्या पापण्या, पुन्हा फुललेले केस. विश्रामबागेतल्या त्या ट्यूबलाइटच्या उजेडातही बाई चमकत होती. मला पाहून म्हणाली, "फोनवरची तूच ना? आठ गाणी काढलीत. तुझं आवडतं कुठलं?" माझ्या तोंडातून कसंबसं नाव निघालं. "ते पहिलं घेते," ती म्हणाली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

मग दीपप्रज्वलन झालं. प्रतिमापूजन झालं. स्वागतगीत, प्रास्ताविक, अहवाल झाला. त्यानंतर मंडळाचे सेक्रेटरी माझ्या हातात चिठ्ठ्या सरकवू लागले. दहावीला मार्क मिळवलेल्यांचा सत्कार, निवृत्त झालेल्यांचा सत्कार, हॉल स्वस्तात देणाऱ्याचा सत्कार, माईकवाल्याचा सत्कार. मी नावं पुकारत होते आणि प्रत्येक नावागणिक तिच्या तासातला तुकडा माझ्याच तोंडानं खात होते. माईकवर हात ठेवून मी म्हटलं, "साहेब, पाहुण्यांना गायचंय."

"गातील की. दोन मिन्टाचं काम हाय. ह्येंचं नाव ऱ्हायलं तर मला गावात तोंड दाखवता येनार न्हाई."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथली विघ्नं तर हार आणि नारळ घेऊनच येत होती. एका निवृत्त प्राध्यापकांनी तिच्यावर भाषण केलं. तिनं एक काळ गाजवला होता, तिच्या गाण्यांनी तरुणाईला वेड लावलं होतं, ती एक झंझावात होती. सगळं होती, होती, होती. समोर ती जिवंत बसलेली, बुटाची टाच जमिनीवर ठेका धरत होती. मला त्या प्राध्यापकांच्या हातातून माईक ओढून घ्यावासा वाटला.

अखेर तिला स्टेजवर बोलावलं. शाल घातली. फेटा बांधला; केस फेट्याखाली गेले. मग आक्का आणि चौघीजणी साडी घेऊन आल्या आणि त्या चंदेरी सुटावरून त्यांनी हिरवी साडी गुंडाळली. बघता बघता चमक गेली आणि फेटा बांधलेली एक म्हातारी बाई तिथं उरली. तिनं काही हरकत घेतली नाही. हसून पदर पुढं केला, आक्कांनी ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ घातला. फोटो झाले. मी घड्याळ बघितलं, पावणेआठ होऊन गेले होते.

सेक्रेटरी म्हणाले, "आता आभार घ्या."

माझं डोकं सटकलं. आभाराची चिठ्ठी मी मुठीत चुरगळली आणि माईकवर जाहीर केलं की आता गाणं होईल. सेक्रेटरींनी माझ्याकडे जे बघितलं, त्यावरून पुढच्या वर्षी सूत्रसंचालन दुसऱ्या कुणाकडे जाणार हे कळलं. जाऊ दे म्हटलं.

ती पुढं आली आणि थांबली. भरलेला पदर दोन्ही हातांत होता, माईक धरणार कशानं? मी माझ्याकडचा माईक तिच्या तोंडासमोर धरला.

"अगं, खांबासारखी उभी राहून गाऊ?" ती म्हणाली. "मग खुर्चीत काय वाईट होतं?"

ती ओटी टेबलावर ठेवायला वळली तशा खालून आक्का म्हणाल्या, "लेकी, खाली ठिवू नगं. पदरातली वटी पदरातच ऱ्हावी."

तिनं पदर पुन्हा सावरला. मग माझ्याकडे वळली. "पदर कर," ती म्हणाली.

मी हळूच म्हटलं, "माझ्यात नको. मला नवरा नाही."

"गाणं ऐकायचंय ना तुला? मग धर."

मी पदर पुढं केला. तिनं तिची ओटी माझ्या पदरात ओतली, तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सगळं. आक्का लगबगीनं स्टेजवर आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "आना हिकडं. म्या धरते."

"राहू द्या आक्का," मी म्हटलं. "मला दिलीया." गावाकडची बोली माझ्या तोंडून कित्येक वर्षांत निघाली नव्हती.

तोवर तिनं साडी सोडून नीट घडी करून खुर्चीवर ठेवली होती, फेटा काढला होता, दबलेल्या केसांत बोटं फिरवली होती. माझ्या बोटांत अडकलेला माईक तिनं काढून घेतला आणि माझं गाणं सुरू केलं. कॅसेटवर होतं त्याच्यापेक्षा ते खाली होतं आणि कॅसेटवर होतं त्याच्यापेक्षा चांगलं होतं. दुसऱ्या कडव्याला ती त्या उंच टाचांवर गिरकी घेऊन स्टेजच्या कडेला गेली, आणि मागच्या रांगेतले धोतर-टोपीवाले उठून उभे राहिले.

गाणं संपलं आणि हॉलच्या मॅनेजरनं अर्धे दिवे घालवले. आठ वाजले होते. डेकोरेशनवाले दारात शिड्या घेऊन उभे होते. तिची सात गाणी राहिली आणि मी दिलेला शब्दही अपुराच राहिला. त्याचा राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. तरी त्या अर्ध्या उजेडात लोक टाळ्या वाजवत होते, थांबत नव्हते. मी जवळ उभी होते आणि मला एक टाळी वाजवता येत नव्हती. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि त्यातला एक दाणाही मी सांडू देणार नव्हते.