अक्षरं कापलेला शिनेमा

हे मी बायकूला सांगितलं न्हाई, देवाला सांगितलं न्हाई. तुला कावून सांगतोय? मलाच ठावं न्हाई. भ्या वाटतंय गड्या. आठ दिस झाले, दारात जीप थांबली की मी मोरीत जाऊन बसतो. माझ्यासारखा बोलघेवडा — मोरीत! हास, हास.

केजात मला समदे जोकरच म्हणतेत. साळंत मी एकच दिस गेलतो, तेबी आमची बकरी आत शिरली म्हणून. जवानीत तंबूच्या टाकीजमधी हुतो. जत्रा आली की तंबू ठोकायचा. मालकानं हैदराबादेहून एक इंग्रजी रीळ आणलं, जुनंपानं. घोडे, टोप्या, बंदुका — आन् आवाजच न्हाई! मुका शिनेमा. मालक म्हणला, "तुझं तोंड तसंबी बंद नसतंय. तूच बोल बे." मंग मी पडद्याशेजारी भोंगा घेऊन हुबा. गोऱ्यानं घोड्यावर टांग टाकली की मी म्हणायचो, "म्हातारे, केजच्या बाजारातून काय आणू?" लोक लोळायचे.

पण मधीच चित्र जायचं आन् काळ्यावर पांढरी अक्षरं यायची. तवा काय करायचं? मी मनाचं ठोकून द्यायचो. उमापूरच्या जत्रंत एक मास्तर म्होरं बसलता. उठून म्हणला, "अरे, तिथं लिव्हलंय, 'माझा भाऊ मेला'! तू लगीन कुणाचं लावतोस?" समदा तंबू हासला. हासण्याचीच भाकर खायचो मी — मंग तेच हासणं घशाखाली कावून उतरंना?

दुसऱ्या दिशी दुपारी समदे जेवायला गेलते. मशीन चालवायचा उस्मानचाचा. तुटलेलं रीळ डकवायला मला त्यानंच शिकवलतं, शेजारी बसवून, लेकावानी. त्याचीच कात्री घेतली. त्याचाच डिंक. आन् — कसं सांगू — जिथं जिथं अक्षरं हुती, तिथं तिथं कापलं. चित्राला चित्र डकवलं. तुकडे चुलीत घातले.

चार गावं झाल्यावर मालकाच्या ध्यानात आलं. "कुणी कापलं?" चाचा म्हणला, "मैं नै काटा सेठ." मालकानं माझ्याकडं बघितलं. 'मी' — एवढंच म्हणायचं हुतं ना? मी म्हणलो, "कात्री तर चाचाचीच हाय."

मालकानं रीळ त्याच्या अंगावर फेकलं आन् तिथल्या तिथं हाकललं. ते रीळ उचलून जाताना चाचा मला म्हणला, "बेटा, डकवताना हात हलू देऊ नको." त्याला कळलं हुतं? का नुसतंच शिकवत हुता? आजबी कळंना.

आन् आठ दिसामागं दारात जीप. जुने शिनेमे जपून ठिवणारी पुण्याची म्याडम, संगं नांदूरघाटची शमीम — चाचाची लेक. चाचा वारल्यावर त्याच्या पेटीत ते रीळ निघालं. म्याडम म्हणली, "काका, हा शिनेमा जगात दुसरीकडं कुठंच नसंल असं वाटतंय. पण नाव कळंना. अक्षरं असती तर लागलीच कळलं असतं." शमीम म्हणली, "अब्बांनी न्हाई कापलं. जाताना सुदिक तेच म्हणत हुते."

मी काय केलं? जोकरच मी. म्हणलो, "उंदीर असतील. तंबूत लई उंदीर!" म्याडम हासली. शमीम न्हाई हासली.

"काका, उंदीर कात्रीनं कापतेत का?"

च्या ठिवतो म्हणून आत गेलो, आन् मागच्या दारानं पळालो. ह्या वयात. एका पायात चप्पल.

अजून एक ऱ्हायलं. समदे तुकडे चुलीत न्हाई घातले. पयला ठिवला — शिनेमाच्या सुरवातीला यायचा तो. वाटलतं, कवातरी वाचायला शिकीन. तंबाखूच्या जुन्या डबीत हाय. नाव त्याच्यावरच असंल का? कुणाकडून वाचून घेऊ? तुकडा दाखवला की कुठून आला, तेबी सांगावं लागतंय. एवढी वर्सं उजेडात धरून बघतोय. बारकी बारकी पांढरी अक्षरं. हात थरथरतो. चाचा म्हणलता हलू देऊ नको.

सकाळच्या यष्टीनं नांदूरघाटला जायचं हाय. डबी शमीमच्या हातात द्यायची, उंबऱ्यावर ठिवून पळायचं न्हाई. ती इचारंल, कुणी कापलं.

उंदीर म्हणायचं न्हाई.