टेबलाभोवतीचा नाच

कात्रीकाकूंना माणसाचं तोंड लक्षात राहत नसे, माप राहत असे. रस्त्यात कोणी नमस्कार केला की त्या क्षणभर गोंधळत. मग नजर समोरचीच्या खांद्यांवरून खाली उतरे आणि चेहरा एकदम उजळे. अगंबाई, डावा खांदा उतरता, बाही नेहमी अर्धा इंच लांब, तूच ना ती? समोरचीला हसावं की रागवावं, कळत नसे. बहुतेक जणी हसत.

गणवेश शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कापड कापायचं काम काकूंकडे होतं, आणि आपल्या कात्रीला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मालकांनी एकदा चुकून त्या कात्रीने पार्सलाची सुतळी कापली, तर काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. पगार देणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा म्हणजे काही खायचं काम नाही. शेवटी मालकांनीच कात्रीला धार लावून आणली, तेव्हा मिटलं.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. भिंतींना लागून शिलाईची मशीनं आणि मधोमध कापायचं टेबल. पण टेबल असं तसं नव्हतं. सुताराने ते खोलीतच बसून बनवलं होतं आणि बनवून झाल्यावर सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता की हे दारातून बाहेर जाणं या जन्मी शक्य नाही. मग सगळं आयुष्यच त्या टेबलाभोवती फिरायला लागलं. डबे त्याच्यावर उघडायचे, भांडणं त्याच्या दोन बाजूंना उभं राहून व्हायची, आणि कितीही घाई असली तरी कोपरा आला की कंबर आपोआप वळायची. नव्या मुलीच्या मांडीवर कोपरा लागून निळा डाग उमटला की ती कामावर रुळली असं धरायचे.

तर अशा या काकू. सदा हसतमुख, जिभेला हाड नाही, आणि घरी एक दुःख घेऊन बसलेल्या. दुःख त्यांचं स्वतःचं नव्हतं, थोरल्या बहिणीचं होतं. अक्का लहानपणी गल्लीतल्या झाडून सगळ्या मुलींना गोळा करायच्या आणि नाचवायच्या. नाचता येत नाही म्हणणारीला तर आधी नाचवायच्या. दाजी गेले, आणि अक्का काकूंकडे राहायला आल्या. आल्या त्या मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसल्या. वाढलं की जेवत, विचारलं की उत्तर देत. पण बागेत जाऊन येऊ म्हणा, चष्म्याचा नंबर तपासू म्हणा, त्यांचं एकच ठरलेलं असे, "आता पुढे कशाला?" रडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर काकूंनी निभावून नेलं असतं. आपली अक्का आपल्याच घरात असून आपल्याला सापडत नाही, हे मात्र त्यांना सोसवत नव्हतं. महिने उलटले तसा काकूंचा धीर सुटत चालला होता. हिला आत्ताच बाहेर काढलं नाही तर ही कायमची त्या खोलीची होईल, अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

त्यात वस्तीतल्या हॉलचे सेक्रेटरी कारखान्यात आले. हॉलच्या स्टेजचा नवा पडदा इथेच शिवायला टाकला होता, तो न्यायला आले होते, पण चेहरा असा की जणू दात काढून आले आहेत. रविवारी हॉलचा वार्षिक कार्यक्रम. पत्रकं वाटून झालेली, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘समूहनृत्य’ छापलेलं, आणि ठरलेल्या ग्रुपला दुसरीकडे मोठं बोलावणं आलं म्हणून त्यांनी ऐनवेळी हात वर केले. आता तिथे काय मी नाचू, असं सेक्रेटरी म्हणाले. त्यांचं पोट बघता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं आणि मशीनं एकदम थांबली.

"आम्ही करतो," काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी तो शब्द असा झेलला की आभार मानत मानत बाहेर पडले आणि पडदा न्यायचाच विसरले. इकडे काजं करणारी, जिला सगळ्या काजवाली म्हणत, तिने सावकाश विचारलं, आम्ही म्हणजे नक्की कोण? तू, मी, इस्त्रीवाली आणि या सगळ्या, काकूंनी हात फिरवून सांगितलं. यावर जो गलका झाला तो विचारू नका. एकीचे गुडघे, एकीचा नवरा, एकीला म्हणे लाज वाटते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि खडूने कापडावर रेघ मारायला लागल्या. त्यांच्या डोक्यात तेव्हा ना हॉल होता ना सेक्रेटरी. त्यांच्या डोक्यात अक्का होत्या.

घरी जाऊन त्यांनी विषय काढला आणि ठरलेलं उत्तर मिळालं. आता पुढे कशाला. मग काकूंनी बाहेरच्या खोलीत गाणं लावलं आणि एकट्याच नाचायला सुरुवात केली. काकूंचा नाच म्हणजे आनंदीआनंद. हात एकीकडे, पाय तिसरीकडे. काकांनी वर्तमानपत्र वर केलं ते खाली घेतलंच नाही. नुसता कागद थरथरत होता. काकूंनी मुद्दाम वाईट नाच केला असं कारखान्यातल्या बायका अजून म्हणतात. साफ खोटं आहे. याहून चांगलं त्यांना येतच नव्हतं.

गाणं तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मागच्या खोलीच्या दारात अक्का उभ्या होत्या.

"अगं, तू नाचतेस की झुरळ मारतेस?"

इतकं लांब वाक्य त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या. काकूंना उडी मारावीशी वाटली, पण त्यांनी चेहरा पाडला आणि मग तूच दाखव म्हणाल्या. अक्कांनी तुला दाखवून काही उपयोग नाही असं स्पष्ट सांगितलं आणि बाकीच्या कशा आहेत ते विचारलं. माझ्याहून बऱ्या, काकू म्हणाल्या. तुझ्याहून बरं कुणीही असेल, अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीपासून शिकवायला यायचं कबूल केलं, पण अट घालून. हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. चार लोकांत मिसळणं आता आपल्याला जमायचं नाही आणि त्याचा आग्रह केला तर शिकवणंही बंद. काकूंनी मान डोलावली. मनातून हिरमुसल्या, पण अर्धं कापड मिळालं तर निदान अर्धं तरी शिवावं, असा त्यांचा स्वभाव.

संध्याकाळी काम आटोपलं की तालीम. जागा कुठली असायला? टेबलाभोवती होती तेवढीच. अक्कांनी ती एका नजरेत पाहिली, टेबलावर स्टूल ठेवायला सांगितलं आणि दोघींचा हात धरून वर चढून बसल्या. आता सगळ्या त्यांना दिसत होत्या आणि त्या सगळ्यांना. नाच त्यांनी तिथल्या तिथे बसवला. लांब बाजूला दोन पावलं पुढे, एक मागे, कोपऱ्याशी आलं की कंबर वळवून गिरकी, आणि ठेक्याला टेबलाच्या कडेवर तळहाताची थाप. एवढ्या सगळ्या हातांची थाप एकदम पडली की खडूची डबीसुद्धा नाचायची. बायकांना वळणं सांगावीच लागली नाहीत. ती त्यांच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेली होती.

अक्कांना नावं विचारायला सवड नव्हती. जी जशी दिसली तशी तिला नावं ठेवली. इस्त्रीवाली पाय उचलतच नव्हती, नुसती पुढे ढकलत होती. काजवालीची पावलं इतकी बारीक की रविवार उलटून गेला तरी ती कोपऱ्याला पोचली नसती. बोलणी खाऊनही बायका हसत होत्या. लाज वाटणारी तर सगळ्यांत पुढे होती. मालक बघायला म्हणून डोकावले, तर अक्कांनी त्यांना ओळखदेखील न विचारता सांगितलं की उभं राहायला जागा नाही, दिवा चालू ठेवा आणि जा. मालक गेले.

काकूंना अक्कांनी पहिल्याच दिवशी फेरातून बाहेर काढलं होतं, तेव्हा त्यांनी उरलेल्या कापडाचे पट्टे जोडून सगळ्यांच्या घागऱ्यांचे घेर कापले. टेप हातात घेतली नाही, सगळी मापं डोळ्यांत होतीच. पण त्या दिवसांत त्यांचं लक्ष कापडावर कमी आणि अक्कांवर जास्त असे. पहिल्या दिवशी अक्कांचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून आरसा मागितला. आणि शनिवारी काकू घरी पिशवी भरत होत्या, तर अक्का चपला घालून दारात तयार. चल की, किती वेळ, म्हणून वर ओरडल्या. काकूंचे डोळे भरून आले. त्या खाली वाकून किल्ल्या शोधत राहिल्या. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.

रविवारी अक्का हॉलच्या मागच्या दारापर्यंत आल्या. या बायकांना एक पिन धड लावता येत नाही, अंबाडे बांधून देते आणि घरी जाते, असं त्यांनी बजावलं होतं. जाणार हे दिसावं म्हणून चपलादेखील काढल्या नाहीत. एका स्टुलावर एकेकीला बसवून त्यांनी केस आवळायला सुरुवात केली. काकूंनी आग्रहाचा एक शब्द काढला नाही. त्यांना काम होतं वेगळंच. नवा पडदा जाड कापडाचा, भलताच जड, आणि दोरी अडकवायचा खुंटा ऐनवेळी भिंतीतून निघून आलेला. पडदा उघडला की दोरी धरून उभं राहायचं, सोडली की पडदा बंद. कापड तुम्हीच निवडलंत, म्हणून सेक्रेटरींनी दोरी काकूंच्या हातात दिली.

गाणं सुरू झालं. काकूंनी सगळा जोर लावून पडदा उघडला आणि स्टेजकडे पाहिलं.

स्टेजवर टेबल नव्हतं.

इतके दिवस नाचून एकीच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. काजवालीच्या नाही, काकूंच्या नाही, अक्कांच्यासुद्धा नाही. कशी येणार? त्या खोलीत टेबल नसतं असा दिवस कुणी पाहिलाच नव्हता. बायकांनी फेर धरला खरा, पण मधे अडवायला काही नाही, म्हणून फेर आत आत सरकायला लागला. थाप द्यायला हात खाली गेले आणि हवेत नुसतेच फिरले. इस्त्रीवाली नसलेल्या कोपऱ्याशी इमानदारीत वळली, काजवाली सरळ गेली, आणि दोघींची टक्कर झाली. लोक हसले. काहींना हा विनोदी कार्यक्रम वाटला. सेक्रेटरी रुमालाने मान पुसत होते, आणि लाजणारी मुलगी रडकुंडीला आली होती.

काकूंना धावत जाऊन काहीही मधे ठेवायचं होतं, खुर्ची, बादली, स्वतः सेक्रेटरी. पण हातात दोरी. सोडली तर सगळंच संपलं. त्यांनी मदतीसाठी अक्कांकडे वळून पाहिलं. अक्का तिथे नव्हत्या. गेली, काकूंना वाटलं, घरी गेली. मग त्यांचं लक्ष जमिनीवर गेलं. तिथे अक्कांच्या चपला होत्या. स्टूल नव्हतं.

अक्का अनवाणी, हातात स्टूल घेऊन, भर स्टेजवर मधोमध चालत गेल्या होत्या. चेहऱ्यावर तालमीतला तोच वैताग. स्टूल आपटून ठेवलं, त्यावर बसल्या आणि लाकडावर तळहाताची अशी थाप मारली की मागच्या रांगेतल्यांनीही माना उंचावल्या.

"कोपरा!"

बायका वळल्या. सगळ्या एकदम वळल्या. फेर फुलला, पावलं जागेवर आली, आणि हवेत फिरणारे हात आता एकमेकींच्या हातांवर पडू लागले. प्रत्येक ठेक्याला मधून अक्कांची थाप येत होती. लोकांचं हसणं कधी थांबलं आणि टाळ्यांचा ठेका कधी सुरू झाला, कुणाला कळलं नाही. शेवटचं कडवं आलं तेव्हा अक्का उठल्या. लोक बसले आहेत हे त्या बहुधा विसरल्या होत्या. त्यांनी पायाने स्टूल बाजूला सारलं, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि गिरकी घेतली. गल्लीतली अक्का. तीच. काकू दोरी धरून हसत होत्या, रडत होत्या, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. बायका धापा टाकत उभ्या, सेक्रेटरी पलीकडून खुणा करताहेत, आणि काकू तशाच पाहत उभ्या.

"अगं ए, पडदा सोड की," अक्का ओरडल्या. ते साऱ्या हॉलने ऐकलं.

पडदा पडल्यावर अक्कांनी सगळ्यांची खरडपट्टी काढली. स्टेज आधी बघून यायची अक्कल एकीलाही नव्हती म्हणाल्या, आणि मग आपणही त्यातच आहोत हे ध्यानात येऊन पदराने घाम पुसायला लागल्या. तशाच त्या काकूंजवळ आल्या.

"टेबलाच्या नादाने सगळा घोळ झाला," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला मोकळी जागा हवी. आत्ताच सांगून ठेवते."

त्यानंतरही त्या बरंच काही बोलत होत्या, गाण्याबद्दल, इस्त्रीवालीच्या पायाबद्दल. काकूंच्या कानांत मात्र ‘पुढच्या वेळी’ हे दोनच शब्द राहिले होते. त्या वाकल्या, भिंतीकडेच्या चपला उचलल्या आणि अक्कांच्या पायांपुढे नीट मांडून ठेवल्या.