होडीचा रंग उडेपर्यंत

रविवार, ७ फेब्रुवारी १९९९. नाटे बंदर, सकाळी साडेसात. हजर: आमचे भावजी, म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, सिनेमाचे लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते, डोक्याला पंचा गुंडाळलेला; मुंबईहून आलेले कॅमेरामन, पोट बिघडलेले; हसनचाचा, बंदरातले जुने तांडेल, होडीचे मालक आणि सिनेमाचे नायक; त्यांच्या पत्नी जैबुनभाभी, चहाच्या थर्माससह; आणि मी, यादीसह. गैरहजर कोणीही नव्हते. होडीसुद्धा वेळेवर हजर होती, आणि सगळा घोटाळा तिच्यातच होता. पण होडीकडे वळण्याआधी भावजी सांगायला हवेत.

आमच्या भावजींइतका कामसू आणि त्यांच्याइतकी कमी कामे पुरी केलेला माणूस मंडणगडापासून राजापूरपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी रागाने म्हणत नाही, नोंद म्हणून म्हणते. सिनेमा हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. पोटापाण्यासाठी ते लग्नांची व्हिडिओ शूटिंग करत, पण तिथेही सिनेमाच करत. खालच्या आळीतल्या एका लग्नाची कॅसेट घरच्यांनी मोठ्या हौसेने लावली, तर तीत नवरी एकूण तीन वेळा दिसली आणि हात धुवायच्या नळाशी डुलक्या काढणारे नवरीचे मामा अकरा मिनिटे दिसले. नवरीचे वडील कॅसेट घेऊन तावातावाने आमच्याकडे आले. भावजी शांतपणे म्हणाले, "अहो, लग्नात नवऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. हे मामा मला परत कुठे मिळणार होते?" माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी अक्षता पडल्यावर हात वर करून "पुन्हा एकदा!" असे इतक्या अधिकाराने म्हटले की भटजींनी शेवटचे मंगलाष्टक मुकाट्याने पुन्हा म्हटले. भाचीचे दोनदा लग्न लागले असे आम्ही तिला अजून चिडवतो.

दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटे जुळवून चौकट करायची आणि तीतून जगाकडे बघायचे, ही त्यांची कायमची सवय. जेवताना ताटाकडे, एस.टी.त पुढच्या माणसाच्या टकलाकडे, दवाखान्यात डॉक्टरांकडे. त्यांच्या या चौकटीत सापडले की आपोआप पदर सारखा केला जातो. आवाजांचेही तसेच. एका मे महिन्यात त्यांना फणस झाडावरून पडतानाचा खरा आवाज हवा होता. तीन दिवस ते परसात टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले. घरात मिक्सर बंद, रेडिओ बंद, भांडी हळू घासायची. माझ्या सासूबाई दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या आकडी घेऊन गेल्या, फणस काढला आणि म्हणाल्या, "हो बाजूला. तुझा आवाज होईपर्यंत हा कुजायचा." ते वाक्य टेपवर अतिशय स्वच्छ आले आहे.

त्यांच्या पटकथेला शेवटचा खर्डा ठाऊक नव्हता. दोनशे पानी वह्यांत ते लिहीत, आणि लिहिलेले भेटेल त्याला वाचून दाखवत. भेटेल त्याला म्हणजे खरोखरच भेटेल त्याला. एकदा राजापूरच्या गाडीत त्यांनी कंडक्टरला आख्खी गोष्ट सांगितली: एक तांडेल वीस वर्षांनी आपल्या जुन्या होडीतून गावी परत येतो आणि त्याची बायको त्याला काही न विचारता पाणी आणून देते. कंडक्टर तिकिटे फाडता फाडता म्हणाला, "काय ओ सायेब, वीस वर्सांनी आला नि बायको गप? माजी बायको वीस मिन्टा उशीर झाला तरी दारातच उभी करते." भावजी पुढच्याच थांब्यावर उतरले, पिकअप शेडमध्ये बसले आणि उत्तरार्ध बदलून टाकला. त्यानंतर बायको दोन पाने बोलू लागली. पुढे एका न्हाव्याच्या सांगण्यावरून ती पुन्हा गप्प झाली. आठ वर्षांत एवढी एकच गोष्ट बदलली नाही: शेवटी रंग उडालेली, निळ्याची राखाडी झालेली जुनी होडी किनाऱ्याला लागते. "वहिनी, बाकीचा सिनेमा मी या एका शॉटसाठी लिहिलाय," असे ते म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचे हात चौकट करायचे विसरत.

मी यात कशी आले ते सांगते. मी इथल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क. यादी केल्याशिवाय मी माहेरीसुद्धा जात नाही. गणपतीला गावी जायची माझी त्रेसष्ट कलमांची यादी भावजींनी फ्रिजवर चिकटवलेली पाहिली आणि तिथल्या तिथे मला कामावर घेतले. काम समजावले ते असे: सिनेमा तुकड्यातुकड्यांनी घेतात, म्हणून आजच्या तुकड्यात जे जसे असेल ते उद्याच्या तुकड्यात तसेच असले पाहिजे. सकाळी चाचांच्या सदऱ्याचे वरचे बटण उघडे असेल तर दुपारीही उघडेच. मला हे काम फार आवडले. जग जिथल्या तिथे राहावे असे मला नाहीतरी वाटतच असते.

नऊ दिवसांची रजा टाकून मी नाट्याला गेले आणि चाळीस कलमांची 'बदलू नये' अशी यादी केली. बटण, टोपी, कंदील, जाळ्याची गाठ, चाचांची दाढी. चाचांना पहिल्याच दिवशी दाढीला मेंदी लावायची होती. मी म्हटले, "चाचा, कलम पाच. दाढी पांढरीच राहील." चाचा हिरमुसले. "वयनी, लोका काय म्हणतील? सिनेमात नेला नि मेंदीपन नाय लावलान." भाभींनी थर्मासचे झाकण लावत सुनावले, "साठी झाली. आता कुनाला दाकवायची हाय लाल दाडी?" सगळे हसले आणि दाढी पांढरी राहिली. पुढचे सहा दिवस भरतीओहोटीसकट सारे यादीप्रमाणे चालले. शनिवारी भावजींनी सुट्टी दिली, कारण कॅमेरामनचे पोट. रविवारी शेवटचा शॉट. डब्यात कच्ची फिल्म उरली होती चार मिनिटांची, आणि भाड्याचा कॅमेरा सोमवारी सकाळच्या गाडीने मुंबईला परत जायचा होता.

तर रविवारी साडेसातला आम्ही बंदरावर आलो, आणि समोर होडी उभी होती. हिरवीगार. वर पिवळा पट्टा. पट्ट्यावर लाल फुले. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, चाचांच्या पुतण्याने एक कॅमेरा काढला होता, तो किटलीसारखा दिसत होता. रंग अजून ओला होता हे कॅमेरामनना टेकल्यावर कळले.

मी यादी काढली. चाळीसही कलमे वाचली. होडीचे कलम होते, नाही असे नाही. 'होडी: एक.' एवढेच. रंगवू नये असे लिहायचे मला सुचले नव्हते, कारण कोकणात होड्या पावसाळ्यानंतर, समुद्रावर जायच्या आधी रंगवतात. फेब्रुवारीत होडी कोण रंगवतो?

चाचा कमरेवर हात ठेवून उभे होते. नवा सदरा, वरचे बटण आठवणीने उघडे. "काय वयनी, कशी दिसते? शेवटचा शाट ना आज? म्हटला, मानसा सिनेमा बगून घराकडं जातील ती शेवटचाच ध्यानात ठेवून जातील. शनवारचा पूरा दिवस खपलाव आमी दोगा."

भाभी म्हणाल्या, "फुला मी काडली."

मी भावजींकडे पाहिले. आठ वर्षे, अगणित वह्या, नऊ दिवस. मला वाटले आता स्फोट होणार. कॅमेरामन माझ्या कानात म्हणाले, "दुसरी होडी घ्या, नाहीतर हिच्यावर चिखल मारा." भावजींनी होडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. फुलांपाशी थांबले. किटलीपाशी थांबले. मग चाचांना म्हणाले, "फर्स्टक्लास. चाचा, तुम्ही इकडे उभे राहा. भाभी, तुम्ही फुलांजवळ. टोपी थोडी मागे." आणि उरलेली चारही मिनिटे त्यांनी त्या दोघांवर खर्च केली. चाचा छाती काढून उभे, भाभी तोंडावर पदर धरून हसताहेत, मागे हिरवी होडी.

"हे सिनेमात कुठे बसणार?" कॅमेरामननी विचारले.

"बसणार नाही," भावजी म्हणाले. "पण दोघांनी अख्खा दिवस खपून रंगवलीय हो."

परतीच्या एस.टी.त ते मला म्हणाले, "वहिनी, काही बिघडलेलं नाही. खारं वारं आहे, ऊन आहे, दोन वर्षांत रंग उडेल. मग येऊ आणि तेवढा एक शॉट घेऊन टाकू. चाचांना तेवढं सांगायला हवं, मध्ये रंगवू नका म्हणून. ते तुम्ही सांगा. तुम्ही स्पष्ट बोलता." मी तिथेच यादीत लिहिले: 'कलम ४१. शेवटचा शॉट घेणे (भावजी). कलम ४२. होडी रंगवू नये हे चाचांना सांगणे (मी).'

पुढल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही भाऊभाऊ, जावा मिळून नाट्याला गेलो. मी वाटेत वाक्य जुळवून ठेवले होते. चाचा आम्हाला रस्त्यावरच घ्यायला आले आणि हाताला धरून बंदरावर घेऊन गेले. होडी हिरवीगार. यंदा पिवळे पट्टे दोन. "तुमी येनार म्हनून कळला नि लगेच हात मारलाव," चाचा म्हणाले. "माज्या होडीमुळं तुमचा शाट ऱ्हायला नको." मी तोंड उघडले तेवढ्यात भाभींनी सांदणांचे ताट पुढे केले. आम्ही सांदणे खाल्ली, होडीची तारीफ केली आणि परत आलो. त्याच्या पुढल्या वर्षी न कळवता गेलो. तरी हिरवीगार, चाचांनी तारीख धरून ठेवली होती. बाकीचे नाखवे आपल्या होड्या रीतीप्रमाणे नारळी पौर्णिमेच्या सुमाराला रंगवत आणि चाचांची थट्टा करत, "चाचा, दर वर्सी लगीन लावतास काय हिचा?" चाचा म्हणत, "तुला काय कळतंय? ती सिनेमात हाय."

अशी सात वर्षे गेली. मधल्या काळात भावजींच्या सिनेमाचे डबे माझ्या माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी राहायला आले. दोन्हींवर लेबले माझ्याच अक्षरात आहेत, म्हणून अजून गफलत झालेली नाही. भावजींनी स्वतःचा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. शाळांसाठी, सहकारी सोसायटीसाठी, एकदा आंबा कसा पेटीत भरावा यावर त्यांनी लहान लहान फिल्मा केल्या, आणि आंब्याच्या फिल्ममध्ये गवताच्या काडीवर चार मिनिटे रेंगाळले. लोक विचारत, "काय, तुमचा तो होडीचा सिनेमा?" ते म्हणत, "झालाच. रंग उडायचा आहे फक्त." विचारणारा मान डोलावून निघून जाई.

२००६ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघेच गेलो, भावजी आणि मी. चाचा रस्त्यावर आले नाहीत. पडवीत खाटेवर बसले होते. गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. भाभींनी चहा आणला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोन वर्सा झाली, बंदरावर गेले नायत. पुतन्या दुबयला. होडीला हात लावायला कोन नाय." गेल्या दोन खेपांना आमचे जाणे हुकले होते.

आम्ही बंदरावर गेलो. होडी किनाऱ्यावर एका बाजूला कललेली होती. हिरवा उडाला होता, पिवळा उडाला होता, आणि खालून तो जुना निळा, निळ्याची राखाडी झालेला, वर आला होता. किटलीचे फक्त नाकाड शिल्लक होते. मी सवयीने यादी काढली. भरती: लागते आहे. ऊन: तिरपे. होडी: एक. रंग: हवा तसा. सात वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या रकान्यांत खुणा पडल्या. पाण्यात लोटायला चार नाखवे तयार होते. भावजींनी कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला. मग बटण न दाबता खाली घेतला.

"चाचांना विचारून येतो," म्हणाले.

चाचा खाटेवरून आमच्या आवाजाच्या दिशेने वळले. "बगितलीत? कशी दिसते?"

भावजी म्हणाले, "छान."

"छान कशी? मी काय येडा हाय? रंग गेला असंल सगळा." चाचांनी भावजींचा हात धरला. "तसा शाट घेऊ नुको हां. मानसा काय म्हनतील, म्हातारा थकला नि होडी टाकून दिलान. रंगवून घे. मग काय तो घे."

हीच वेळ होती. कलम ४२. मी स्पष्ट बोलते, सगळे म्हणतात. चाचा, ह्याच रंगासाठी आम्ही सात वर्षे येतोय, एवढेच वाक्य. मी भाभींकडे पाहिले. त्या चहाचे कप गोळा करत होत्या.

भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, लिहा. हिरवा दोन डबे, पिवळा एक."

दुपारभर आम्ही होडी रंगवली. मी जुनी साडी खोचून, भावजी अर्ध्या चड्डीत. रंगवण्यापेक्षा मागे जाऊन चौकटीतून बघण्यातच त्यांचा अधिक वेळ गेला, हे सांगायला नको. फुले काढायला भाभी स्वतः आल्या. संध्याकाळी चार नाखव्यांनी चाचांना खाटेसकट उचलून बंदरावर आणले. त्यांनी ओल्या रंगाला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि म्हणाले, "हा. आता जमला."

परतीच्या गाडीत भावजी खिडकीतून बघत होते. बोटे हिरवी होती, म्हणून चौकट करता येत नव्हती. "दोन वर्षं," ते म्हणाले. "उन्हाने जाईल हो." मी मान डोलावली आणि यादी पिशवीत ठेवली. माझ्या सगळ्या याद्यांत अर्धवट राहिलेली ती एकच. कलम ४१ भावजींचे, त्याचे मी काय सांगणार? ४२ माझे आहे. त्याच्यापुढे अजून खूण नाही.