दुभाषी ग्रेशमचा घसा बसला

ग्रेशम कालिलोम्बे मलावीत, डेड्झाच्या कोर्टात दुभाषी होता. न्यायाधीशांची भाषा चिचेवा, फिर्यादीची चिचेवा, आरोपीचीही चिचेवा. पण कामकाज इंग्रजीतच चालवायचं, ही पद्धत गोरे साहेब मागे ठेवून गेले आणि नंतर देशाच्या स्वतःच्या सरकारनं ती सांभाळली. त्यामुळे सगळ्यांना एकदा समजलेलंच ग्रेशम पुन्हा इंग्रजीत ऐकवायचा. आणि किती जीव ओतून! साक्षीदार रडला की याचाही आवाज कापायचा. बाजारातल्या बायका त्याला ‘इंग्रजांचा जावई’ म्हणून चिडवायच्या. तो टोपी काढून हसायचा.

तिकडे जूनमध्ये हिवाळा; त्या गारठ्यात त्याचा घसा पार बसला. नेमकी त्याच दिवशी म्हातारी नासिबेको फिर्याद घेऊन उभी राहिली. शेजारच्या बिलियाटीच्या शेळ्यांनी तिचे भोपळ्याचे वेल फस्त केले होते. तिनं सगळं सांगितलं. ग्रेशमनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

न्यायाधीश म्फांडे लेखणी धरून इंग्रजीची वाट बघत बसले.

“पोरा, कळलं ना तुला मी काय बोलले ते?” म्हातारीनं त्यांना विचारलं.

म्फांडेंनी ग्रेशमकडे पाहिलं.

“त्याच्याकडे काय बघतोस? तुझ्या आईच्या बाळंतपणात मीच होते. तेव्हा काय इंग्रजीत रडलास?”

पोलीससुद्धा हसले. म्फांडेंनी हसू आवरत कामकाज तहकूब केलं, काळा कोट काढला आणि म्हातारीला नि बिलियाटीला बाहेर निलगिरीखाली बसवलं. “आजी, आता मी न्यायाधीश नाही. तुमचं तुम्हीच बोला.”

“चुकलंच माझं,” बिलियाटी म्हणाला. “कुंपण घालून देतो, वर एक करडू देतो.”

“मग आधी का नाही बोललास, मेल्या?”

“तू थेट कोर्टात गेलीस! इंग्रजीत माफी कशी मागतात, मला काय ठाऊक?”

फिर्याद मागे घेतली गेली. ग्रेशम पायरीवर गरम पाणी पीत बसला होता. आपल्यावाचून सगळं निभलं, हे त्याला जरा लागलंच. म्हातारीनं त्याच्या हातात भाजलेलं रताळं ठेवलं.

“मिटलं खरं, पण माझी हौस राहिली रे. माझं गाऱ्हाणं तुझ्या तोंडून इंग्रजीत ऐकायचं होतं.”

आवाज सुटल्यावर ग्रेशम रविवारी तिच्या अंगणात गेला आणि त्यानं उभं राहून अख्खी फिर्याद इंग्रजीत ऐकवली. तिला अक्षरही कळलं नाही, पण डोळे भरून आले. कुंपण बांधणारा बिलियाटी म्हणाला, “बापरे, एवढं नुकसान केलं होतं मी?”