डांबराचा वास

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते उच्चारलं जायचं. एरवी वाइनरीत झाडूवाल्या मावशींपासून मालकीणबाईंपर्यंत सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत. नाक तसं दिसायला काही खास नव्हतं. जरा बसकंच होतं. पण त्या नाकाची बडदास्त अशी की एखाद्या गवयाने आपला गळा काय जपावा! घरात वासाचा साबण नाही, वासाचं तेल नाही. कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही. बायकोने एकदा हौसेने अत्तराची बाटली आणली, तर ती बाटली आणि बायको दोघींनाही तासभर गॅलरीत उभं राहावं लागलं.

"माझ्या माहेरी सगळ्यांना नाकं होती," ती म्हणायची, "पण त्यांची अशी पूजा कुणी मांडली नव्हती हो."

नाकसाहेबांची सुरुवात कॉफी भाजण्याच्या दुकानात झाली. बिया भट्टीतून कधी काढायच्या ते घड्याळ न बघता सांगायचे, एवढ्यावर तिथे तग धरला. मग एका हॉटेलच्या बारमध्ये गेले. तिथे कॉकटेलं बनवताना गिऱ्हाइकाला काय हवंय यापेक्षा ग्लासात काय शोभेल याचा विचार जास्त करायचे. कुणी गोड मागितलं की चेहरा असा करायचे, जणू त्याने त्यांच्या मुलीला मागणी घातली आहे. ती नोकरी गेली. घरी बसले. तेव्हा बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, मदतीला धावले. दादा वाइनरीत तळघर सांभाळायचे. लाकडी पिंपं, त्यांची ऊब, त्यांची गळती, त्यांचे रुसवेफुगवे, सगळं दादांच्या अंगावर. ते मालकीणबाईंना म्हणाले, "आमचे जावईबापू आहेत. स्वभाव जरा तसा आहे, पण नाक असं की मांजराने लाजावं. ठेवून तर बघा."

ठेवून बघितलं, आणि नाकसाहेब चाखणारे झाले. पिंपातली वाइन बाटलीत भरायच्या लायकीची झाली की नाही, हे ठरवायचं काम त्यांचं. रविवारी पाहुणे यायचे, त्यांना चार घोट चाखायला देऊन गोष्टी सांगायचंही त्यांचंच. दादा तळघरातून वर येऊन दाराला टेकून ऐकायचे आणि मिशीत हसायचे. "जावईबापू, त्या बाईंना तुम्ही पिकलेली नासपती, ओलं गवत आणि आजोळची आठवण असं काय काय सांगितलंत. अहो, आम्ही तर पिंपात नुसती द्राक्षंच घातली होती!"

वाइनरीत एक रीत होती, थोरल्या मालकांच्या वेळची. पिंप उघडून चाखायला बसलं की सगळ्यांनी वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा, आणि शेवटचा माणूस थुंकेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. का, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या जिभेवर बसतं. दुसरी रीत ग्लासांची. ग्लास पाण्याने विसळून उलटे टांगायचे, फडक्याने कधीच पुसायचे नाहीत. नव्या पोरांना या दोन्ही गोष्टी शिकवायचं कामही नाकसाहेबांचंच होतं.

त्या दिवशी एका मोठ्या हॉटेलचे खरेदी करणारे दोघे येणार होते. सूटबूट, गाडी, सगळा थाट. दादांचं एक पिंप त्यांना दाखवायचं होतं. पांढरी वाइन, दादांनी दोन हिवाळे सांभाळलेली. मध्ये ते पिंप तळाशी पाझरायला लागलं होतं, तेव्हा दादांनी जमिनीवर आडवं होऊन मेण भरून ती चीर बुजवली होती. त्या पिंपाबद्दल ते लग्नाच्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायचे.

नाकसाहेबांनी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. खिशाला शोभेलसा रुमाल काही सापडेना. बायको बाजारात गेली होती. पलंगाखालच्या ट्रंकेत लग्नातले कपडे होते आणि त्यात एक पांढराशुभ्र, कडेला नक्षी असलेला रुमाल होता. ती ट्रंक या घरातली एकमेव जागा होती जिथे बायकोने आपली सत्ता राखली होती. "तिथे हात घालायचा नाही," असं तिने बजावलं होतं, आणि कारणही सांगितलं होतं. पण ते कारण नाकसाहेबांनी नवरे ऐकतात तसं ऐकलं होतं. जुन्या कपड्यांच्या धुळीने नाक बिघडू नये म्हणून साहेबांनी श्वास रोखून ट्रंक उघडली; रुमाल घडीसकट खिशात गेला आणि साहेब सायकलवर वाऱ्यात निघाले.

चाखायच्या खोलीत लांब टेबल, त्यावर ग्लास मांडलेले. हॉटेलवाले दोघे, मालकीणबाई, दादा आणि नाकसाहेब. नाकसाहेबांच्या वाट्याला आलेल्या ग्लासात पाण्याचे दोन थेंब राहिले होते. पाहुण्यांसमोर ओला ग्लास बरा दिसेना. साहेबांनी ऐटीत रुमाल काढला, झटकला आणि ग्लास आतून फिरवून फिरवून कोरडा केला. दादांनी ते बघितलं, भुवई उचलली, पण पाहुण्यांपुढे जावयाला काय बोलणार?

दादांनी वाइन ओतली. सगळ्यांनी ग्लास उचलले. नाकसाहेबांनी नाक आत घातलं आणि ते ताठ झाले. डांबर! अगदी स्वच्छ, नाकात खिळा ठोकल्यासारखं डांबर. आता खरं तर गप्प बसायचं होतं. पण समोर सूटबूट बसले होते, आणि आपल्याला जे पहिल्या श्वासात कळलं ते त्यांना कळलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नाकसाहेबांना राहवलं नाही.

"थांबा," ते हात वर करून म्हणाले. "पिऊ नका. डांबराचा वास आहे."

हॉटेलवाल्यांतल्या एकाने पुन्हा वास घेतला. "हो की," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "मला मघाशीच वाटलं होतं." मालकीणबाईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "शेवटी शेवटी येतोय," त्या म्हणाल्या, कारण नाही म्हणायला धाडस लागलं असतं.

"मला तर नाही येत," दादा म्हणाले.

"दादा, गळती कशाने बुजवली होतीत?"

"मेणाने. तुम्हाला माहितीये."

"डबा नीट बघितला होतात? मेणाचाच होता ना?"

दादांनी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. खूप वेळ धरला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "येतोय वाटतं. जरासा."

जाताना हॉटेलवाल्यांनी नाकसाहेबांचा हात हातात घेतला. "असा माणूस पाहिजे," म्हणाले. ते पिंप व्हिनेगरच्या कारखान्याला द्यायचं ठरलं. टँकर सोमवारी येणार होता. दादा खाली गेले आणि त्यांनी मेणाचा डबा उघडून त्याचा वास घेतला, मग हाताचा घेतला, मग परत डब्याचा.

संध्याकाळी घरी आल्यावर नाकसाहेबांनी तोंड धुतलं, टॉवेल दूर होता म्हणून खिशातल्या रुमालाने पुसलं. आणि बेसिनच्या आरशासमोर तसेच उभे राहिले, रुमाल तोंडावर धरून.

"अहो," बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, "हा ट्रंकेतला रुमाल ना? किती वेळा सांगितलं, तिथे डांबरगोळ्या टाकल्यात म्हणून! आता बसा आठवडाभर शिंकत."

खिशात घडी होऊन बसलेला रुमाल दिवसभर गप्प होता. ग्लासात घासला गेला आणि बोलायला लागला.

नाकसाहेबांनी रुमाल खिशात कोंबला. "काही नाही होत," म्हणाले. मनात एक धागा उरला होता, त्याला ते लोंबकळले: रुमालाला वास होता हे खरं, पण वाइनलाही नसेल कशावरून? सगळ्यांना आला की! दादांनासुद्धा आला!

रविवारी पाहुणे गेल्यावर ते चोरासारखे तळघरात उतरले. विसळून टांगलेला ग्लास घेतला, त्या पिंपाची तोटी किंचित फिरवली. वास घेतला. पिकलेली नासपती, कापलेलं गवत, आणि मागे कुठेतरी पावाच्या भट्टीची ऊब. डांबराचा मागमूस नव्हता. इतक्या वर्षांत त्या तळघरात इतकं चांगलं काही झालं नव्हतं. एरवी थुंकायचा घोट त्यांनी गिळला.

मालकीणबाई वर ऑफिसमध्येच होत्या. जिना चढून सांगायचं, एवढंच होतं. नाकसाहेब जिना चढले, दारापर्यंत गेले. आतून त्या फोनवर बोलत होत्या, "आमच्या साहेबांचं नाक म्हणजे विचारू नका..." नाकसाहेब उलट पावली सायकलपाशी आले. उद्या सकाळी सांगू, टँकर यायच्या आधी, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सकाळी सायकलची चेन पडली नव्हती तरी ती बसवत ते वाटेत बराच वेळ उभे राहिले. पोहोचले तेव्हा टँकर फाटकातून बाहेर पडत होता. ड्रायव्हरने ओळखीचा हात केला. त्यांनीही केला.

वाइन गेली ती गेली. पण पुढे जे झालं ते त्यांच्या हिशोबात नव्हतं. दादा चाखेनासे झाले. पिंप उघडलं की ग्लास यांच्यापुढे धरायचे. "जावईबापू, तुम्ही बघा. माझं नाक गेलं." घरी आले की दुधाचं पातेलं पुढे करायचे, "नासलंय का हो?" एकदा अंगणात पानं पेटलेली होती, तर म्हणाले, "जळतंय ना काहीतरी? का मलाच वाटतंय?" बायको रात्री म्हणाली, "दादा हल्ली सारखा हात हुंगतो. वय झालं का हो त्याचं?" नाकसाहेब भिंतीकडे तोंड करून झोपले. दादांना नसलेला वास आपण हुंगायला लावला, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. माणसाचं पिंप नेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आपण नाकच काढून नेलं.

मग एका सकाळी दादा भेटले ते इस्त्रीच्या शर्टात. तळघरात जायचे कपडे नव्हते.

"बाईंकडे चाललोय," ते म्हणाले. "तळघर सोडतो म्हणून सांगतो. लेबलं चिकटवायला बसेन. त्याला नाक लागत नाही."

"दादा, थांबा."

"तुम्ही काय थांबवणार? तुम्हीच तर दाखवून दिलंत. बरं केलंत. नाहीतर मी आणखी चार पिंपं नासवली असती."

नाकसाहेबांनी खिशात हात घातला. तो रुमाल त्या दिवसापासून त्यांनी धुवायला टाकला नव्हता, फेकलाही नव्हता. रोज या शर्टातून त्या शर्टात जात होता.

"याचा वास घ्या."

"कशाला थट्टा करता?"

"घ्या ना दादा. पाया पडतो."

दादांनी रुमाल घेतला. आधी अविश्वासाने, लांबून. मग जवळून.

"डांबरगोळी," ते म्हणाले.

"मी त्या दिवशी ग्लास याने पुसला होता. फक्त माझा. तुमच्या ग्लासात काही नव्हतं. पिंपात काही नव्हतं. आणि मला टँकर यायच्या आधी कळलं होतं."

सगळं एका दमात बोलून नाकसाहेब थोबाडीत खायच्या तयारीने उभे राहिले. दादांनी रुमाल पुन्हा नाकाशी नेला, पुन्हा, पुन्हा. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझं नाक आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मला त्या दिवशी काही आलं नव्हतं, ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं, दादा."

दादा पायरीवर बसले. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग उठले, आणि तेव्हा राग आला. तोही दादांच्या पद्धतीचा, आवाज न चढवता. "चला वर," ते म्हणाले. "बाईंना सांगा. मी दाराशी उभा राहतो. तुम्ही गोष्टी सांगता तेव्हा राहतो तसा."

नाकसाहेबांनी सांगितलं. मालकीणबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. "पण मला तर आला होता वास!" त्या म्हणाल्या. साहेबांना काढून टाकायचं तर का काढलं ते हॉटेलवाल्यांना सांगावं लागलं असतं, आणि मग आपल्या नाकाचंही सांगावं लागलं असतं. त्यामुळे नोकरी राहिली. तळघर दादांकडेच राहिलं. चाखताना नाकसाहेबांनी सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, असा हुकूम तेवढा निघाला. दादा त्यांना जावईबापू म्हणेनासे झाले. "साहेब" म्हणू लागले. तळघरात ती हाक रोज ऐकण्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

बायकोलाही सांगावं लागलं. तिने ट्रंकेला कुलूप घातलं. पुढे व्हिनेगरच्या कारखान्यातून त्या पिंपाच्या व्हिनेगरच्या नमुन्याच्या बाटल्या आल्या, त्यातली एक दादांनी बहिणीकडे पाठवून दिली, चिठ्ठी वगैरे काही नाही. ती बाटली जेवणाच्या टेबलावर मधोमध बसली. बायको ती हलवायची नाही आणि नाकसाहेबांची हलवायची छाती नव्हती. काकडीच्या फोडींवर चार थेंब पडले की त्या आंबटाच्या मागून नासपती यायची. रोज यायची. नाकसाहेब मान खाली घालून काकडी खायचे.

बऱ्याच दिवसांनी दादा जेवायला आले. बहिणीने वाढलं. दादांनी बाटली उघडून काकडीवर शिंपडली, आणि बाटली तशीच उघडी समोर सरकवली.

"काय येतंय, साहेब?"

नाकसाहेबांच्या तोंडावर आलं होतं. नासपती, गवत, भट्टी. त्यांनी ते गिळलं.

"आधी तुम्ही सांगा, दादा."

दादांनी बाटली उचलली, डोळे मिटले, आणि सावकाश, मोठा, आपल्या मालकीचा श्वास घेतला. मग झाकण लावलं.

"नाही सांगत," ते म्हणाले, आणि बहिणीकडे आणखी काकडी मागितली.