लवंगतेलाची पट्टी

साकोलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सहकारी नागपूरला आपापल्या घरी जात. प्रयोगशाळेत मी एकटी उरे. कधी कधी सकाळपासून दुपारपर्यंत मी एक शब्दही बोललेली नसे.

पीएचडीसाठी मी जखमेवर लावायची पट्टी बनवत होते. कोळंबीच्या कवचापासून काढलेली भुकटी सौम्य आम्लात विरघळवायची, त्यात लवंगतेल आणि कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क घोटायचा, काचेच्या बशीत ओतून वाळवायचं. दोन दिवसांनी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, पिवळसर पट्टी सुटून यायची.

एका सकाळी जंतू वाढवलेल्या बशीत पट्टीच्या तुकड्याभोवती स्वच्छ गोल दिसला. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते. कुणाला तरी दाखवावं म्हणून मी व्हरांड्यात आले. तिथे कोणीच नव्हतं. शेवटी बाबांना फोन केला.

बाबा विणकर. आई गेल्यापासून गावी एकटेच राहत. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले. झाकण लावलेली बशी उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिली. मग स्टुलावर बसून डाव्या पायाचा मोजा काढला. अंगठ्याला जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. साखरेचा त्रास त्यांना होताच, पण या जखमेबद्दल ते मला काही बोलले नव्हते.

"बाई, हे माह्या पायाले लाव ना."

"नाही जी बाबा. माणसावर अजून तपासलंच नाही."

"काहून? तूच बनवली ना? मले चालते."

"मले नाही चालत," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

तशीच त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. त्याच आठवड्यात अंगठा काढावा लागला. माग पायांनीही चालवावा लागतो, त्यामुळे पुढे कितीतरी महिने त्यांचा माग बंद होता.

पावसाळ्यात मी कपाटातल्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. उन्हाळ्याच्या उष्णतेनं तेल उडून गेलं होतं. एकाही तुकड्याभोवती गोल आला नाही. रविवारी गावी जाऊन मी बाबांना सांगितलं.

"मंग बरं झालं, नाही लावली ते."

त्यांनी मला एकदा तरी रागवावं, असं मला वाटत होतं. मी विचारलं, "त्या दिवशी तुमाले राग नाही आला?"

"राग नाही, बाई. तू एकदम डाक्टरसारखी बोलली. मले वाटलं, आता हिले काही मांगाचं नाही."

हे बोलून ते चहा ठेवायला उठले.

आणि खरंच, त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. हिवाळ्यात आठ दिवस ताप होता, ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. दर रविवारी मी जाई. पाय पाहायला खाली बसले, की "सब ठीक आहे" म्हणत ते तो धोतराखाली ओढून घेत.