जिन्यात मामा, घरात काका

दोन्ही हातांची पहिली बोटं शेजारी शेजारी उभी धरायची, एक डोळा बारीक करून त्यांच्याकडे पाहायचं आणि विचारायचं, "जुळतंय का?" ही त्याची सवय होती. सोसायटीचं पाण्याचं वेळापत्रक असो, रिक्षाचा मीटर असो, नाहीतर हिच्या उपम्यातलं मीठ असो. बोटं उभी राहायचीच.

तो आयटीत होता. कर्वेनगरात दर तिसऱ्या घरात एक आयटीवाला असतो, तुम्हीही पाहिले असतील. गळ्यात पट्टा, पाठीवर पिशवी, कानात काहीतरी. पण ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात, हे मला कधी कळलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सरळ विचारलं.

"मी टेस्टर आहे, काका. प्रोग्राम लिहिणारे वेगळे. काय व्हायला पाहिजे ते कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काय होतं ते मी बघतो. दोन्ही शेजारी ठेवायचं अन् जुळतंय का पाहायचं."

"याचे पैसे देतात?"

"देतात ना. पण चूक करणाऱ्याला जास्त देतात."

"आणि नाहीच जुळलं तर?"

"दुरुस्त करतात. दुरुस्त होत नसेल तर कागद बदलतात, अन् क्लायंटला सांगतात, असंच अपेक्षित होतं."

मला हसू आलं, पण काम पटलं. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होतो. लोकांची सेवापुस्तकं लिहायची हे माझं काम. कोण कधी रुजू झाला, कधी रजेवर गेला, कधी वेतनवाढ झाली. माझ्या नोंदीत खाडाखोड नसे. हे मी अभिमानाने सांगत असे. आता नुसतं सांगतो.

तो आमच्याकडे आला तो वाशीमकडच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने. वरच्या मजल्यावर आमची एक खोली आणि स्वयंपाकघर अशी छोटी जागा होती, ती रिकामी पडून होती. अडचण एकच. तो तिशीतला अविवाहित होता, आणि आमच्या फाटकाजवळ पाटी होती: 'अविवाहितांस जागा भाड्याने दिली जाणार नाही.' पाटीखाली 'सचिव' अशी सही होती. सचिव मीच होतो. अक्षरही माझंच.

माणूस बरा वाटला, म्हणून मी मार्ग काढला. सोसायटीत सांगायचं, हा माझा भाचा आहे. करारनामा केला तर एक प्रत सोसायटीला द्यावी लागते, म्हणून करारनामाही केला नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोटं उभी केली.

"म्हणजे जिन्यात मामा, घरात काका."

चार वर्षं त्यात त्याची एकदाही चूक झाली नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर "येतो हं मामा" म्हणणारा माणूस आमचा उंबरा ओलांडला की "काका, चहा आहे का?" म्हणायचा. सोसायटीचे खजिनदार निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना संशय होता.

"तुमच्या भाच्याचा मुक्काम बराच लांबला हो."

"भाचा आहे. पाहुणा नव्हे."

"बोलतो मात्र वऱ्हाडी."

"बहीण तिकडे दिलीय," मी म्हणालो. मला बहीण नाही.

रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात त्याचा दरबार भरायचा. ज्यांची मुलं इंजिनीअरिंगला आहेत असे बाप यायचे. मुलाला कॉम्प्युटरला घालू का, अजून नोकऱ्या आहेत का, पुढे राहतील का? त्याला भविष्य विचारणाऱ्यांचं फार कौतुक वाटायचं. "माझंच पुढच्या तिमाहीपर्यंत ठाऊक नाही, बाप्पा," म्हणायचा, पण उठवून कोणाला लावायचा नाही. एकदा वारज्याचे एक गृहस्थ पेढे घेऊन आले. मुलाला आठ लाखांचं पॅकेज मिळालं होतं.

"अभिनंदन. हातात किती?"

"आठ लाख म्हणालो ना."

त्याने कागद मागून घेतला आणि एकेक ओळ बोटाने झाकत गेला. ही रक्कम कंपनीला वाटलं तर देणार. ही वर्षाआधी सोडलं तर परत मागणार. ही भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा वाटा, तोही यातच धरलाय. ही ग्रॅच्युइटी.

"ग्रॅच्युइटी पगारात?" मी न राहवून विचारलं. "आमच्याकडे ती निवृत्त झाल्यावर मिळायची."

"आमच्याकडेही पाच वर्षं टिकल्यावर मिळते, काका. टिकत कोणी नाही. पण मोजतात सगळ्यांची."

गृहस्थांनी पेढ्यांचा डबा हळूच बंद केला. तेव्हा त्याने उरलेला आकडा काढून दिला आणि म्हणाला, "हाही चांगलाच आहे हो. मला सुरुवातीला याच्या निम्मा होता." डबा पुन्हा उघडला.

मला सर्वांत जास्त नवल वाटायचं ते त्यांच्या पगाराच्या गुप्ततेचं. आमच्या कचेरीत शिपायालाही साहेबाचं मूळ वेतन पाठ असे. इथे शेजारच्या खुर्चीवरच्याचा पगार विचारणं म्हणजे शिष्टाचार मोडणं. त्याने एकाच कंपनीत सात वर्षं काढली होती, आणि त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा बाहेर जाऊन परत आला तो त्याच्याहून जास्त पगारावर.

"म्हणजे राहिलेल्याला कमी आणि सोडून गेलेल्याला जास्त?"

"जुना माणूस स्वस्त, काका. पगार वाढवायचा तर नोकरी सोडावीच लागते."

शेवटी त्याने ते केलं. दुसऱ्या कंपनीचं पत्र आलं, पगार जवळजवळ दीडपट. त्या दिवशी वरच्या खोलीतून फोनवरचा आवाज खाली येत होता. "हाव मा, पक्कं झालं. काऊन टेन्शन घेतं?" त्याने राजीनामा दिला. त्यांच्यात राजीनाम्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. त्या तीन महिन्यांत जुनी कंपनी तुमच्या जागी माणूस शोधते आणि नवी कंपनी तुम्ही लिहून दिलेलं खरं आहे का ते तपासते. शिक्षण, आधीची नोकरी, राहता पत्ता. सगळं.

"आमच्यासारखंच की," मी म्हणालो. "जुळतंय का बघायचं."

"हो ना. आता माझी टेस्टिंग," तो हसत म्हणाला.

पत्ता तपासणारा माणूस एका दुपारी आला. हेल्मेट हातात, कागद पुढे केलेला. मी फाटकापाशी उभा होतो आणि माझ्या शेजारी खजिनदार उभे होते. माझ्या घराच्या पत्त्यावर त्याचं नाव लिहिलेलं मला दिसलं. खाली घरमालक म्हणून माझं नाव.

"सर, हे इथे भाड्याने राहतात ना? किती वर्षं झाली?"

खजिनदारांनी चष्मा सारखा केला. वर ती पाटी होती, माझ्या सहीची.

"या नावाचा भाडेकरू आमच्याकडे नाही," मी म्हणालो. "भाचा आहे. येऊन-जाऊन असतो."

"भाड्याने नाही? कायमचे राहत नाहीत?"

"एकदा सांगितलं ना."

त्याने लिहून घेतलं, माझी सही घेतली, आपला नंबर असलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि गेला. खजिनदार वर गेले. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

ही खिडकीतून ऐकत होती. मी आत आलो तेव्हा म्हणाली, "चिठ्ठीवर नंबर आहे. आत्ता फोन करून सांगा, चुकून बोललो." मी म्हणालो, करतो. दुसऱ्या दिवशीही म्हणालो. फोन केला असता तर ते सही करून लिहून द्यावं लागलं असतं, त्याची प्रत कुठे जाईल कोण जाणे, सचिवपद जाईल, लोक हसतील. मी इतका विचार केला. त्याच्या नोकरीचं काय होईल, एवढा एकच विचार मी केला नाही. पत्त्यासारख्या गोष्टीवरून कोणी नोकरी नाकारत असेल, असं मला वाटलं नाही. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. चिठ्ठी टेबलाच्या खणात गेली. ही दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

तीन आठवड्यांनी तो संध्याकाळी लवकर घरी आला. नव्या कंपनीने पत्र मागे घेतलं होतं. कारण एका ओळीत होतं: दिलेल्या माहितीत विसंगती. जुन्या कंपनीने त्याच्या जागी माणूस घेतला होता, त्यामुळे राजीनामा परत घ्यायलाही कोणी तयार नव्हतं.

"कसली विसंगती?" मी विचारलं. आजही मला त्या प्रश्नाची लाज वाटते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोटं उभी केली नाहीत. चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाला, "मार्केट डाऊन आहे, काका. त्यांना निमित्तच पाहिजे असतं."

पुढचे सात महिने तो वरच्या खोलीत होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा, मुलाखती द्यायचा. नोकरीत मधेच ही फट का, हे प्रत्येक जण विचारायचा, असं तो सांगे. रविवारचा दरबार बंद पडला. एके काळी त्याच्याकडे सल्ल्याला येणारे बाप आता मला विचारायचे, "अजून काही झालं नाही का हो भाच्याचं?" आणि मान हलवून जायचे. मी भाडं घेणं बंद केलं. त्याने कारण विचारलं नाही, आणि मीही दिलं नाही.

मग त्याला हैदराबादला नोकरी लागली, आधीच्या पगारापेक्षा कमीवर. जाताना हिच्या पाया पडला. मला म्हणाला, "येतो, काका." आम्ही जिन्यात उभे होतो. खजिनदार दारात होते. चार वर्षांत तो जिन्यात पहिल्यांदाच काका म्हणाला, आणि मी ती चूक समजलो.

त्याला आता पाच वर्षं झाली. पाटी काढून टाकली आहे, सचिव दुसरे आहेत, ही गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारात एकदा तिने विचारलं होतं, "त्याला कळवलंत का?" मी म्हणालो, कळवतो.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली. हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र. जिन्यातच भेटली. त्याचं नाव घेतलं. तो पुण्यात परत येतोय, मोठ्या जागेवर, आणि नवी कंपनी त्याचे आधीचे पत्ते तपासते आहे.

मी पाच वर्षं एक वाक्य तयार ठेवलं होतं. तो माझा भाडेकरू होता, इतकी वर्षं सलग राहिला, वागणूक उत्तम, आधीची नोंद माझी चूक. तोंड उघडणार, एवढ्यात तिने मोबाइलवरून वाचायला सुरुवात केली.

"राहण्याचा प्रकार, नातेवाइकांकडे. संदर्भ म्हणून तुमचं नाव आहे, सर. नातं, मामा. बरोबर?"

मी कठडा धरला. माझी नोंद त्याला ठाऊक होती, शब्दन् शब्द. बहुधा त्या संध्याकाळपासूनच, चहाचा कप बशीत ठेवला तेव्हापासून. माझ्या सहीचं खोटं कुठल्यातरी फायलीत कायम राहणार, ते दुरुस्त होणारं नव्हतं. म्हणून त्याने आपला कागद बदलला होता.

आणि आता मी खरं बोललो असतो, तर पुन्हा विसंगती झाली असती.

"सर?"

"बरोबर," मी म्हणालो. "मी त्याचा मामा."

तिने कुठेतरी बोट टेकवलं. "मॅच होतंय," म्हणाली, आणि खाली उतरली.

त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, ते याचसाठी. जिन्यात होतो तोवर मी त्याचा मामाच होतो. मग घरात आलो, दार लावलं, खणातली ती चिठ्ठी बाहेर काढून समोर ठेवली आणि हे लिहायला बसलो.